जनीबाईची मडकी आणि मुरबाडची वाइन

अन्याय जनीबाईवर झाला. होळीच्या आदल्या दिवशी झाला, सकाळी, ती नाचणीची पहिली भाकरी तव्यावर टाकत होती तेव्हा. डोळखांबच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला तिचा पाडा आहे. तिथे एक जीप आली. माणसं उतरली, थेट घरात शिरली, माळ्यावर ठेवलेली मोहाची सुकी फुलं पोत्यासकट खाली ओढली. मग परसातली मडकी उचलून एकेक करून दगडावर आपटली. मडकी रिकामी होती. आत पाणीसुद्धा नव्हतं. तुम्ही कुठल्या खात्याचे, असं विचारलं तर उत्तर नाही. कागद दाखवा म्हटलं तर हसले. जाताना पोतं घेऊन गेले. तव्यावरची भाकरी करपली.

हे आधी लिहून टाकलं. पुढे मी डोंगरांबद्दल, जेवणाबद्दल आणि वाइनबद्दल बरंच लिहिणार आहे, आणि ते वाचता वाचता तुम्ही खूश व्हाल नि जनीबाईला विसराल. विसरू नका. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ती जीप परत यायला नको.

शहापूर

चैत्र अर्धा उलटला होता. फुलं परत मिळावीत म्हणून मी शहापूरला आले होते. आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या आमच्या संघटनेत पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे असतं, आणि पत्रक लिहिण्याआधी कचेरीत जाऊन विचारायचं, हा आमचा नियम. विचारलं. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरा जेवायला गेला होता, तिसरा म्हणाला, "मॅडम, दारूचं प्रकरण आहे, तुम्ही कशाला पडताय यात?"

दारूचं प्रकरण! मोहाची फुलं वेचणं, वाळवणं, घरात ठेवणं यावरची बंदी सरकारनेच उठवली आहे. फूल म्हणजे दारू नव्हे. तसं असेल तर मग नाशिकच्या प्रत्येक द्राक्षाला बेड्या घाला.

चिडून एसटी स्टँडसमोर चहा प्यायला बसले, तर समोर हा मोठा फलक. हिरव्या डोंगराचं चित्र, टोपली घेतलेली एक हसरी आदिवासी बाई, आणि वर लिहिलेलं: मुरबाडच्या कुशीत या, रानमोहाची वाइन चाखा. खाली शनिवार-रविवारच्या सहलीचा तपशील.

मी चहा तसाच ठेवला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला पकडायला नको. मी दारू पीत नाही. माझं घर वाशिंदला, कारखान्याच्या चाळीमागे. आमच्या आळीतल्या बायकांनी गुत्ता बंद पाडला तेव्हा मी शाळेत होते, आणि घोषणा कशा द्यायच्या ते मी तिथेच शिकले. दारू घर कसं पोखरते हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. म्हणून मी कुणाच्या पिण्याची वकिली करायला निघाले नव्हते. माझा सवाल सरळ होता. एका फुलासाठी मुरबाडचा फलक लागतो आणि त्याच फुलासाठी डोळखांबला मडकी फुटतात, हे कसं?

फलकाचा फोटो काढला आणि जनीबाईकडे निघाले.

पाडा

डोळखांबला टमटममधून उतरलं की पुढे चालावं लागतं. भाताची खाचरं मोकळी पडलेली. कुठे कुठे राब भाजलेले, म्हणजे पुढच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार केलेली. त्यामुळे वावराच्या मधोमध काळे चौकोन दिसतात. लांबवर आजोबा नावाचा डोंगर उन्हात फिकट झालेला. सागाला पान नाही, ऐनाला पान नाही. अशा उघड्या रानात वास येतो तो मोहाचा: गोड, जड, जरासा आंबूस. पहिल्यांदा जाणाऱ्याचं डोकं भणभणतं. दुसऱ्या दिवशी तो वास आवडायला लागतो. तिसऱ्या दिवशी कपड्यांना येतो.

जनीबाई अंगणात फुलं पसरत होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, काटक, आणि तोंडाची फार तिखट. मला बघून म्हणाली, "आली का संगटनेची पोरगी? पोतं आणलंस?"

"नाय मावशी. कचेरीत कुणी दाद देत नाय."

"मग रिकामीच आली. बस. जेव तरी."

नाचणीची भाकरी, कडव्या वालाची आमटी, सुक्या जवळ्याची चटणी. आणि शेवटी तव्यावर भाजलेली मोहाची फुलं, तिळाबरोबर कुटून केलेले लाडू. आमच्या वाशिंदच्या घरात मोह म्हणजे फक्त दारू. इथे तो खाऊ आहे, गुरांचं औषध आहे, फळांचं तेल आहे, पावसाळ्यात धान्य संपलं की पोटाला आधार आहे. चार लाडू खाल्ले. पाचवा जनीबाईची लेक सोनी हसत हसत पुढे करत होती, तोही घेतला.

सोनीचं लग्न अक्षय तृतीयेनंतर ठरलं होतं. आणि खरी अडचण हीच होती.

त्यांच्यात लग्नाची हळद लागायच्या आधी मोहाची धार सोडतात. पळसाच्या पानाचा द्रोण करायचा, त्यात नवरीच्या घरची मोहाची दारू घ्यायची आणि अंगणात जमिनीवर सोडायची. ती घरातल्या मेलेल्या माणसांसाठी. त्यांनी आधी घेतली की मग जिवंत माणसांची हळद. धार नाही, तर हळद नाही. एरवी या पाड्यावर दारू विकत कुणी नाही. बायकांनीच ठरवलंय: देवापुरती नि लग्नापुरती गाळायची, विकली तर त्या घरी पाणीही प्यायचं नाही. हे मला आवडलं. आमच्या आळीला एवढं जमलं असतं तर गुत्ता फोडायची वेळच आली नसती.

माळ्यावरची फुलं होती ती त्यासाठी. ती गेली.

"पण नवी फुलं पडतायत की," मी म्हणाले. "ही अंगणातली?"

जनीबाईचा नवरा, काळूदादा, दाराशी बसून दोर वळत होता. बोलणारा माणूस नव्हे. पण आता बोलला. "फुलं हायत. भिजत घालाची कुणी? परत जीप आली तर? वऱ्हाडासमोर धरून नेतील मला. व्याही बोलतो, असलं काय करू नका, नायतर आमी नाय येत."

"मग धारेचं काय करणार?"

"मुरबाडला बाटली भेटते बोलतात. मोवाचीच. सरकारी शिक्क्याची. ती आणू, चार थेंब सोडू, उरकून टाकू."

जनीबाईने त्याच्याकडे असं बघितलं की दोर वळायचा थांबला. पण ती नाही म्हणाली नाही. फलकाचा फोटो मी दाखवला तेव्हा तिने तो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"ही कोण बया? मोव वेचाला चालली नि डोक्यात गजरा?"

"चित्र आहे मावशी."

"तेच. चित्रच हाय. खऱ्या बाईच्या डोक्यात मुंग्या असतात." फोन परत देत म्हणाली, "उद्या वेचून झालं का जाव आपण. बघतंय काय बाटली हाय ती."

पहाटे उठून आम्ही वेचायला गेलो. मोहाचं फूल तोडत नाहीत, झाड हलवतही नाहीत. ते रात्रभर आपणहून टपटपतं आणि उजाडायच्या सुमाराला झाडाखाली पिवळट मण्यांचा सडा असतो. मला वाटलं, यात काय कौशल्य! जनीबाई तिच्या झाडाखाली बसली होती, मी शेजारच्या झाडाखाली बसले आणि भराभर ओंजळी भरल्या. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या, कंबर मोडली, पण अर्धी टोपली झाली. ऐटीत नेऊन जनीबाईच्या टोपलीत ओतली.

ती किंचाळलीच. "काय केलंस गो! त्यो ठमीचा मोव!"

"एवढीशी फुलं मावशी, मी ठमाबाईला सांगते..."

"फुलाचं नाय! ठमीची टोपलीभर घेतली तरी ती काय बोलाची नाय. मिसाळलंस तू! आता यातला आमचा कुठला नि तिचा कुठला? धारेला बोलाचं काय?"

मी बसले ते झाड शेजारच्या ठमाबाईचं. पाड्यावर प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. आजोबा-पणजोबांनी राखलेलं. धार सोडताना झाडाची ओळख सांगावी लागते: अमक्या बांधावरचा मोव, अमक्याने राखलेला, या घरचा. नाहीतर मेलेल्या माणसांना कळायचं कसं, की हे आपल्या घरून आलंय?

माझी मेहनत ओतलेली ती टोपली तिने सगळीच्या सगळी उपडी केली, ठमाबाईच्या झाडाखाली. तिची स्वतःची फुलंही त्यात गेली. मग पदराने घाम पुसून म्हणाली, "लाडू खालंस पाच, काम केलंस उणं."

मुरबाड

किन्हवली करत सरळगावला पोचलो आणि तिथून माळशेजच्या रस्त्याला लागलो. वाइनरी रस्त्यापासून आत, टेकडीच्या पोटाशी. दगडी कमान, दोन्ही बाजूंना फुलझाडं, मागे सह्याद्रीची भिंत अशी उभी की नावं ठेवायला जागा नाही. गाड्यांच्या पाट्या मुंबईच्या, ठाण्याच्या. जनीबाईने पायातल्या चपला दाराशी काढल्या. आत सगळे बूट घालून फिरत होते. तिने परत जाऊन घातल्या.

वाइन चाखवणारा मुलगा रोहन, मुरबाडचाच, शिकून नाशिककडच्या एका वाइनरीत काम करून आलेला. स्वभावाने चांगला. आम्ही कोण ते त्याने विचारलं नाही, हसून आत घेतलं. मला भांडायचं होतं. हसऱ्या माणसाशी भांडण उकरायला जरा वेळ लागतो.

त्याने आधी सगळं फिरवून दाखवलं, आणि ते बघण्यासारखं होतं, हे मान्य. पोलादाच्या उंच टाक्या, बाहेरून थंड पाण्याचं वेटोळं. रस आंबताना तापतो, तापला की वास उडतो, म्हणून तो गार ठेवायचा. आंबवण्यासाठी विरजण वेगळं, म्हणजे यीस्ट. मग गाळ खाली बसू द्यायचा, वरचं काढून घ्यायचं, पुन्हा बसू द्यायचं. रोहन सांगत होता, की घाटावर आधी द्राक्षाची वाइन आली, मग चाखायच्या खोल्या आल्या, शनिवार-रविवारी मुंबईकर येऊ लागले; आता लोकांना काहीतरी इथल्या मातीतलं हवंय. म्हणून जांभूळ, करवंद, मध आणि मोह. फळाफुलांच्या वाइनला सरकारही हात देतंय. बोलणं सराईत होतं, पण पाठ केलेलं नव्हतं. त्याला ते काम आवडत होतं.

एका कोपऱ्यात पोती रचली होती. सुतळीने शिवलेली, आतून तोच गोड आंबूस वास. जनीबाई पोत्यांकडे बघत उभी राहिली. मीही बघितलं. पोती सगळीकडची सारखीच असतात. जप्त केलेली फुलं कुठे जातात हे मला माहीत नाही, आणि पुराव्याशिवाय मी बोट दाखवत नाही. पण तिने बघितलं ते मी लिहिणार.

मग टेबल. आमच्या शेजारी ठाण्याचं एक जोडपं. प्रत्येकासमोर उंच दांडीचे ग्लास, मधे चीजचे तुकडे, आणि एक चकचकीत स्टीलची बादली.

"आधी द्राक्षाची," रोहन म्हणाला. "ग्लास असा फिरवायचा. मग वास. मग छोटा घोट, जिभेवर खेळवायचा. ही वाइन दिंडोरीकडच्या एकाच बागेतली आहे. बागेचा पूर्वेचा उतार. पश्चिमेच्या उताराची चव वेगळी लागते. वाइनमध्ये माती बोलते."

जनीबाईने लक्ष देऊन ऐकलं. ग्लास हातात घेतला, फिरवला नाही. वाकली आणि पहिले थेंब सरळ फरशीवर सोडले.

"असू दे मावशी, सांडतं कधी कधी," म्हणत रोहन खाली बसून टिशू पेपरने पुसायला लागला.

"पुसतंस का रं? त्यांचं हाय त्ये."

"कुणाचं?"

"माज्या सासऱ्याचं. तू पुसून घेतलंस."

रोहनचा हात हवेतच राहिला. आणि त्याच वेळी ठाण्याच्या गृहस्थांनी घोट तोंडात खेळवला, मान डोलावली आणि पचकन बादलीत थुंकला.

जनीबाई माझ्या कानाशी आली, पण तिचा कानाशी बोलायचा आवाज पाड्याच्या मापाचा आहे. "कडू लागली काय गो त्याला?"

"नाय मावशी, तशीच पद्धत आहे. चव घ्यायची नि थुंकायची. म्हणजे चढत नाही."

"चढाला नको तर आला कशाला इतक्या लांब?"

गृहस्थ हसले. त्यांची बायको त्यांच्यापेक्षा जास्त हसली. "बरोबर विचारताय तुम्ही," ती म्हणाली, "मीही हेच विचारते." वातावरण जरा सैल झालं, तशी जनीबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि जवळ्याची चटणी टेबलावर ठेवली. चीजचा वास त्या खोलीतून तत्काळ नाहीसा झाला. रोहनने एक चिमूट घेतली, द्राक्षाच्या वाइनबरोबर खाल्ली, आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, हे खरंच जमतंय." पुरचुंडी संपली. बहुतेक ठाण्याने संपवली.

शेवटी मोहाची वाइन आली. मधाच्या रंगाची. बाटलीवर तीच गजरेवाली बाई. जनीबाईने पुन्हा थेंब सोडले; या वेळी कुणी पुसायला धावलं नाही. मग तिने घोट घेतला. मीही ओठ भिजवले, न पिणाऱ्या माणसाने मत द्यायचं नसतं म्हणून गप्प राहिले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बरी हाय," ती म्हणाली. "खोकल्याच्या औषधासारखी." मग बादलीकडे बोट करून रोहनला म्हणाली, "पण ही कुणाला थुंकू देव नको. मोव हाय ह्यो. मेलेल्या मानसांचा घास हाय. त्यांच्या तोंडावर थुंकल्यासारखा होतो."

ठाण्याचे गृहस्थ घोट तोंडात घेऊन बसले होते. त्यांनी तो गिळला.

आता माझी पाळी होती. मी विचारलं, "रोहन, तुमच्याकडे जीप येत नाही?"

त्याला कळलं नाही. मी होळीच्या आदल्या दिवसाचं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने मैदान सोडलं नाही. "ताई, वाईट झालं. पण दोन्ही एक नाही. आमची आंबवलेली आहे, ह्यांची आंबवून वर भट्टीवर गाळलेली. ती कितीतरी कडक. कायदा वेगळा, परवाना वेगळा. आमची टाकी-टाकी तपासली जाते."

खोटं नव्हतं. मी मान्य केलं. "पण त्या दिवशी ह्यांच्या मडक्यात काही नव्हतं. फुलं नेली. फुलं तुमच्याकडेही आहेत, पोत्यांनी. कुठून येतात?"

"व्यापारी आणतो."

"कुठल्या पाड्याची? कुणी वेचलेली?"

"मिक्स असतात ताई. जंगलातली."

बघा. द्राक्षाच्या बागेचा पूर्वेचा उतार तोंडपाठ. मोहाला मात्र पत्ता नाही, नाव नाही, वेचणारीचे हात नाहीत. द्राक्षाची माती बोलते, मग मोहाच्या मातीचं तोंड कुणी बांधलं? हे मी तिथे मोठ्याने बोलले, पत्रकात लिहिते तसंच. मग जनीबाईने विचारलं, "मलाही दे मग परवाना. वरसातून एकदा, लग्नापुरता. कुठं मिळतो?"

"मावशी, त्याला टाकी लागते, जागा लागते, तपासणी..."

"मडकं चालत नाय?"

"नाही चालत."

"बरं."

निघताना त्याने मोहाच्या वाइनची एक बाटली कागदात गुंडाळून दिली, सोनीच्या लग्नाची भेट म्हणून. जनीबाईने ती घेतली. मला वाटलं होतं, नाकारेल. माझ्या मनातल्या पत्रकात तिने ती नाकारलीच होती. पण तिला लेकीचं लग्न करायचं होतं, माझं पत्रक नाही.

परतताना किन्हवलीला तिने टमटम थांबवली, खाली उतरली आणि एक मोठं मडकं घेऊन आली. वाटभर ते मांडीवर धरून बसली. मी विचारलं, तर म्हणाली, "पाणी प्याला."

पुन्हा पाडा

ऊन कलत असताना पोचलो. काळूदादाने बाटली हातात घेतली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. भिवाबाबाला बोलावलं. भिवाबाबा म्हणजे पाड्याचा भगत. धार सोडताना बोलायचं काम त्याचं. म्हातारा, एका डोळ्याने कमी दिसणारा, मिस्कील. त्याने झाकण उघडून वास घेतला.

"मोव हाय," म्हणाला.

"बघ!" काळूदादा जनीबाईकडे वळला.

"कुठल्या झाडाचा?" भिवाबाबाने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण वाचता येणारी मी. मी बाटलीवरचं वाचलं. "सह्याद्रीच्या घनदाट रानातून वेचलेल्या फुलांपासून."

"रान मोठं हाय," भिवाबाबा म्हणाला. "झाड कुठलं? बांध कुणाचा? राखला कुणी?"

"तसं लिहिलेलं नाही बाबा."

"मग मी त्यांना काय सांगू? कुनाच्या तरी झाडाचा हाय, घ्या गप?" त्याने बाटली हलवून बघितली. "माज्या बापाला अशी परक्याच्या हातची दिली असती, तर त्यो जिता असतानाच उठून गेला असता. मेल्यावर काय थांबतो?"

"बाबा, चार थेंबांचा तर सवाल," काळूदादा काकुळतीला आला. "जीप आली तर?"

"जीप आली तर तुज्याकडं येल. धार चुकली तर त्ये माज्याकडं येतील. तू जीप बघ." मग झाकण न लावता त्याने बाटली बगलेत धरली. "देवाला नाय चालत ही. मला चालल." आणि गेला घरी. पाड्यावरच्या बायका हसून हसून पडल्या. काळूदादा मात्र हसला नाही.

सकाळी मी उठले तेव्हा जनीबाई अंगणात होती. किन्हवलीचं नवं मडकं तिने धुऊन ठेवलं होतं. परसात नाही. समोर, अंगणात, वाटेवरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असं. होळीपासून वेचून वाळवलेली तिच्या झाडाची फुलं ती ओंजळीने आत टाकत होती. वरून पाणी. मग पळसाच्या पानांनी तोंड बांधलं.

मी तिला कायदा सांगितला. सांगायलाच हवा होता. फुलं ठेवणं गुन्हा नाही, भिजवून पुढे गाळणं परवान्याशिवाय गुन्हा आहे, पकडलं तर काय होऊ शकतं, सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. "मागं लपवून ठेवली व्हती मडकी, म्हणून चोर ठरलो," ती म्हणाली. "आता म्होरं ठेवली. फोडाची तर सगळ्यांम्होरं फोडा. तुज्या कायद्याचं तू लिव. मी लगीन करतंय."

काळूदादा दाराशी उभा होता. मग आत गेला, दोर घेऊन आला आणि मडक्याच्या तोंडाची पानं त्याने नीट आवळून बांधली. ठमाबाई आली, तिच्या पाठोपाठ बाकीच्या. सगळ्या मडक्याभोवती बसल्या, तांदूळ निवडायला घेतले, लग्नाचे. मग ते मडकं एकट्या जनीबाईचं राहिलं नाही. ग्रामसभा घ्यायची आणि लग्नाच्या धारेपुरता मोह हा आमचा हक्क आहे असा ठराव करायचा, हे तिथेच ठरलं. ठराव मी लिहीन. त्याला कागद लागतो, टाकी लागत नाही.

निघताना जनीबाई म्हणाली, "पाड्याचं नाव लिव खुशाल." मी लिहिलं नाही. हिंमत तिची आहे, ती खर्च करणारी मी कोण?

मी हे वाशिंदला बसून लिहिते आहे. मडकं अंगणात आहे. लग्न व्हायचं आहे. जीप येईल की नाही, मला माहीत नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही माळशेजला जाल, मुरबाडला थांबाल, डोंगर बघाल. जरूर बघा. कुणीतरी हसून मधाच्या रंगाचा ग्लास समोर ठेवेल आणि म्हणेल, ही इथली, रानातली. तेव्हा ग्लास उचलायच्या आधी एकच प्रश्न विचारा, मोठ्याने, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असा: कुठल्या झाडाचा? कुणी वेचला, आणि तिचं मडकं आज शाबूत आहे का? उत्तर येईपर्यंत ग्लासला हात लावू नका. उत्तर आलं, तर पहिले थेंब जमिनीवर सोडा, मग प्या.

आणि थुंकू नका.